केंब्रिज: विद्यापीठाच्या गावात कंपन्या उगवतात त्या कशा?

फेनवाला

"आपल्याकडे सिलिकॉन व्हॅली का होत नाही" असा धागा इथे अधूनमधून निघतो आणि चौथ्या प्रतिसादापर्यंत सरकार, पालक आणि परीक्षापद्धती या तिघांना झोडपून संपतो. मी बरीच वर्षं केंब्रिजच्या आसपास हार्डवेअरच्या धंद्यात नोकरी करतोय. जेमतेम दीड लाख वस्तीचं हे गाव. मोबाईलमधल्या चिपचा आराखडा, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, डीएनए वाचायचं तंत्र, हे सगळं इथून निघालं. म्हणून म्हटलं, या एकाच गावाबद्दल जरा सविस्तर लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोयीचं. विद्यापीठाने इथे कंपन्या काढल्या नाहीत. काढणाऱ्यांना ते आडवं आलं नाही, एवढंच. बाकीचं काम एका कॉलेजच्या जमिनीने, एका बँकेच्या माणसाने आणि गाव न सोडणाऱ्या इंजिनिअरांनी केलं.

सुरुवात तशी जुनी आहे. चार्ल्स डार्विनचा मुलगा होरेस याने १८८१ मध्ये केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनी काढली. प्रयोगशाळांना लागणारी उपकरणं बनवायची, हा धंदा. तिथे काम केलेल्या विल्यम पाय याने १८९६ मध्ये स्वतःची कंपनी काढली, तीच पुढे रेडिओ-टीव्हीवाली पाय. म्हणजे नोकरी करायची, हात बसला की गल्लीपलीकडे स्वतःचं दुकान थाटायचं, ही चाल तेव्हापासूनची.

पण १९५० च्या होलफर्ड-राइट आराखड्याने ठरवलं की केंब्रिज हे विद्येचं गाव आहे, इथे कारखाने नकोत. वाढ रोखायची. साठच्या दशकात आयबीएमला युरोपातलं संशोधन केंद्र इथे आणायचं होतं, त्यांनाही नकार मिळाला. आज हे सांगितलं की इथल्या नव्या पोरांना खरं वाटत नाही. याच नकारांमुळे विद्यापीठातले लोक अस्वस्थ झाले. कॅव्हेंडिश या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे नेव्हिल मॉट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९६९ मध्ये तिने सांगितलं, विज्ञानावर चालणाऱ्या उद्योगांना गावाजवळ जागा द्या.

जागा दिली ट्रिनिटी कॉलेजने. विद्यापीठाने नव्हे, हे लक्षात घ्या. इथली कॉलेजं स्वतंत्र संस्था आहेत, त्यांच्या स्वतःच्या जमिनी आहेत, स्वतःची तिजोरी आहे. ट्रिनिटीकडे गावाच्या उत्तरेला मिल्टन रोडला लागून जमीन होती, थेट आठव्या हेन्रीच्या काळापासून, म्हणजे १५४६ पासून. दुसऱ्या महायुद्धात तिथे नॉर्मंडीच्या चढाईसाठी रणगाडे तयार केले गेले आणि नंतर ती पडीक राहिली. जॉन ब्रॅडफील्ड हे ट्रिनिटीचे बर्सर, म्हणजे कॉलेजचे कारभारी आणि मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १९७० मध्ये सायन्स पार्क काढायचं ठरवलं. पहिली कंपनी, लेझर-स्कॅन, १९७३ मध्ये आली. पुढची काही वर्षं पार्क रिकामाच दिसायचा. ट्रिनिटी थांबली, कारण चारशे वर्षं जमीन सांभाळणाऱ्याला आणखी दहा वर्षांची घाई नसते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. पाच वर्षांत परतावा मागणारा बिल्डर असता तर तिथे गोदामं झाली असती.

त्याच्याही आधी, १९६० मध्ये, टिम आयलोर्ट वगैरे ताज्या पदवीधरांनी केंब्रिज कन्सल्टंट्स काढली. विद्यापीठातली डोकी ब्रिटिश उद्योगांच्या अडचणींना लावायची, ही कल्पना. भांडवल जवळपास शून्य. गिऱ्हाईक अडचण घेऊन येतो, तुम्ही ती सोडवता, तो पैसे देतो. यातून काय झालं पाहा. तिथला गॉर्डन एज बाहेर पडला आणि त्याने पीए टेक्नॉलॉजी उभी केली, पुढे १९८६ मध्ये सायंटिफिक जेनेरिक्स, दोन्ही याच धंद्यातल्या. पीएमधून १९८७ मध्ये टीटीपी ही तशीच आणखी एक निघाली. खुद्द केंब्रिज कन्सल्टंट्समधून १९७८ मध्ये डॉमिनो निघाली. बाटल्यांवर, अंड्यांवर तारीख छापतात ती इंकजेट यंत्रं बनवणारी. मग १९९८ मध्ये सीएसआर, जिने ब्लूटूथ एका स्वस्त चिपवर बसवलं. कोण कुणाकडून फुटून निघालं, याची वंशावळ मांडायला बसलो तर पेशव्यांच्या वंशावळीपेक्षा मोठी होईल.

बँकेचं मात्र थोडक्यात. १९७० च्या दशकाअखेर बार्कलेजच्या मॅथ्यू बुलक या तरुण अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की या लोकांकडे तारण ठेवायला यंत्रंही नाहीत, जमीनही नाही, पण कामं हातात आहेत. त्याने त्या भरवशावर कर्जं दिली, अडचणीतल्यांना वकील आणि हिशेबनीस गाठून दिले. १९७९ मध्ये गावातल्या कॉम्प्युटरवाल्यांचा गट तयार झाला, त्यातही तो होता.

आणि आता एकॉर्न ही कॉम्प्युटर कंपनी. १९७८ मध्ये हर्मन हाउजर, मूळचा ऑस्ट्रियन, कॅव्हेंडिशमध्ये पीएचडी केलेला, आणि ख्रिस करी, क्लाइव्ह सिंक्लेअरकडे काम केलेला, या दोघांनी ती काढली. बीबीसीला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या टीव्ही मालिकेच्या जोडीला एक कॉम्प्युटर हवा होता. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे एकॉर्नचे इंजिनिअर. हाउजरने सोफीला सांगितलं, "स्टीव्ह फर्बर म्हणतो आठवड्यात नमुना होईल." आणि फर्बरला सांगितलं, "सोफी म्हणते होईल." दोघंही फसले आणि आठवडाभरात नमुना तयार झाला. बीबीसीचा अंदाज बारा हजार खपतील असा होता, खपले पंधरा लाखांच्या आसपास.

पुढचं यंत्र करायला बाजारातला प्रोसेसर मनासारखा मिळेना, तेव्हा याच दोघांनी स्वतःचा आराखडा काढला. माणसं मूठभर, पैसा बेताचा, म्हणून तो साधाच ठेवणं भाग होतं. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला आली आणि त्याच दिवशी चालली. वीज इतकी कमी खायची की मापताना लक्षात आलं, वीजपुरवठ्याची तार जोडलेलीच नाही आणि चिप बाजूच्या तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर चाललीय! ज्या वर्षी हे झालं त्याच वर्षी एकॉर्न बुडायला आली होती आणि इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला. मग नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि चिप बनवणारी व्हीएलएसआय यांनी मिळून या आराखड्यासाठी एआरएम ही वेगळी कंपनी काढली. बारा इंजिनिअर, सुरुवातीचं ऑफिस स्वॉफहॅम बुलबेक नावाच्या खेड्यातल्या जुन्या कोठारात. कारखाना काढायला पैसेच नव्हते, म्हणून चिप विकण्याऐवजी आराखड्याचे हक्क विकायचं ठरलं.

शेवटचा मुद्दा हक्कांचा. इथे कितीतरी वर्षं प्राध्यापकाच्या शोधाची मालकी बऱ्याच बाबतीत प्राध्यापकाकडेच राहायची. २००५ च्या अखेरीस मतदान होऊन पेटंटबाबत विद्यापीठाला आधी हक्क मिळाला, तरी संशोधकाचा वाटा भरघोस आहे आणि तो स्वतःच्या मार्गाने जायचं म्हणाला तर अडवत नाहीत.

बाकीचं प्रतिसादांतून येईलच. हाणा.

खवचट_काका

लेख उत्तम, वाचनखूण साठवली. पण एक हिशेब राहिला. एआरएम २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने घेतली. ऑटोनॉमी ही इथली सॉफ्टवेअर कंपनी एचपीने घेतली, २०११. सीएसआर क्वालकॉमने, २०१५. संशोधकांना अँटिबॉडी विकणारी ॲबकॅम डॅनाहरने, २०२३. आणि एआरएम पुन्हा बाजारात आली ती न्यूयॉर्कला, लंडनला नाही. तर मग हे गाव कंपन्या वाढवतं की पोसून अमेरिकेला देतं? आमच्याकडे याला रोपवाटिका म्हणतात. रोपं विकायची, आंबे दुसऱ्याच्या अंगणात.

फेनवाला

काका, बाण बरोबर लागलाय. इथल्या लोकांनाही ते झोंबतं. सॉफ्टबँकेचा सौदा झाला तेव्हा हाउजरने उघडपणे दुःख व्यक्त केलं होतं.

पण विक्रीनंतर काय होतं तेही बघा. एआरएमचे आराखडे काढणारी माणसं केंब्रिजच्या फुलबोर्न रोडवरच बसतात. पैसे घेऊन बाहेर पडलेले लोक फ्लोरिडात गोल्फ खेळायला जात नाहीत, निदान सगळे नाही. हाउजरने १९९७ मध्ये अमेडियस नावाची गुंतवणूक कंपनी काढली. ॲबकॅमचे संस्थापक जॉनथन मिलनर गावातल्या नव्या जैवतंत्र कंपन्यांत पैसे घालतात. केंब्रिज एंजल्स म्हणून नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणाऱ्यांचा गट आहे, त्यातले बरेच जण स्वतः कंपनी काढून विकलेले. यांच्याकडे पैसे मागायला गेलात तर ताळेबंदाआधी चिपचा नकाशा मागतात.

मोठी कंपनी मोठीच होत राहील असं भांडवल ब्रिटनमध्ये मिळत नाही, हे मात्र मान्य. रास्पबेरी पाय जून २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात आली, म्हणून तिचं इतकं कौतुक झालं.

स्वरदा_के

मी जैवरसायनवाली, त्यामुळे आमची बाजू मांडते. पँटन आर्म्स नावाचा एक पब आहे, रसायनशास्त्र विभागापासून चालत पाच मिनिटांवर. शंकर बालसुब्रमणियन (जन्म चेन्नईचा) आणि डेव्हिड क्लेनरमन या दोघांनी १९९७ च्या उन्हाळ्यात तिथे बसून डीएनए वाचायची नवी पद्धत डोक्यात पक्की केली. १९९८ मध्ये सोलेक्सा कंपनी झाली, २००७ मध्ये इल्युमिनाने ती साठ कोटी डॉलरना घेतली. आज जगात जीनोम वाचायला जी यंत्रं सर्वाधिक वापरली जातात त्यांच्या मुळाशी हेच तंत्र आहे. (होय काका, ही पण विकली.)

पण यांच्याआधी एक मोठी संधी हातची गेली होती, ते फेनवाल्यांनी लिहिलं नाही. १९७५ मध्ये इथल्याच एलएमबी या रेण्वीय जीवशास्त्राच्या सरकारी प्रयोगशाळेत सेझार मिलस्टीन आणि जॉर्ज कोलर यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच नेमक्या लक्ष्याला चिकटणारी एकसारखी प्रतिपिंडं, बनवायची रीत शोधली. नोबेल मिळालं, पण पेटंट सरकारी यंत्रणेने घेतलंच नाही. पुढची पिढी शहाणी झाली. ग्रेग विंटर यांनी त्याच प्रयोगशाळेतून केंब्रिज अँटिबॉडी टेक्नॉलॉजी काढली आणि संधिवातावरचं ह्युमिरा त्यांच्याच तंत्रातून आलं. त्यामुळे "आडवं आलं नाही" एवढं पुरेसं नाही. हक्क कसे राखायचे हे शिकवणारं कुणीतरी जवळ लागतं.

फेनवाला

स्वरदाताई, मान्य. विद्यापीठाचं केंब्रिज एंटरप्राइझ हे कार्यालय तेच करतं. पण तिथला माणूस कंपनीच्या आत शिरून बसत नाही, हे मला आवडतं.

पबवरून आठवलं. जगातला पहिला वेबकॅम इथलाच. कॉम्प्युटर लॅबच्या ट्रोजन रूममध्ये कॉफीचं भांडं होतं. वरच्या मजल्यावरून उतरून यावं तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्याच्यावर कॅमेरा लावला. २००१ मध्ये ते मोडकं भांडं लिलावात तीन हजार पौंडांच्या वर गेलं. यातून कंपनी निघाली नाही, पण आळसाला पुरेसं बुद्धीचं पाठबळ असलं की काय होतं ते कळतं.

गणिती_गोंधळ

आपल्या पिढीला केंब्रिज म्हणजे रँग्लर परांजपे (१८९९ चे सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, मग फर्ग्युसनचे प्राचार्य) आणि जयंत नारळीकर. नारळीकर फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी, हॉइल यांनी काढलेल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी काम केलं, १९७२ मध्ये परतले आणि १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. म्हणजे केंब्रिजची संस्था उभारायची पद्धत पुण्यात आली, आणि उत्तम आली. कंपन्या काढायची पद्धत काही त्या जहाजातून उतरली नाही.

औंधकर

गणिती, याचं कारण माणसांत नाही, रचनेत आहे. मी या भागात वाढलो म्हणून सांगतो. पुणे विद्यापीठ हे संलग्न कॉलेजांचं विद्यापीठ. त्याची बरीच शक्ती शेकडो कॉलेजांच्या परीक्षा घेण्यात जाते. संशोधन कुठे? एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पाषाणला, आयुका आवारात पण वेगळी, कॉम्प्युटरवाली सी-डॅक वेगळी, विज्ञान शिकवणारी आयसर २००६ नंतर. प्रत्येकाची भिंत वेगळी आणि दिल्लीतला मालक वेगळा. ट्रिनिटीसारखी स्वतःची जमीन, स्वतःचा पैसा आणि दहा वर्षं थांबायची मुभा यांपैकी कुणाकडेच नाही.

तरी काही झालंय. एनसीएलच्या आवारात २००७ मध्ये व्हेंचर सेंटर निघालं. तिथे नव्या कंपनीला प्रयोगशाळेचं टेबल भाड्याने मिळतं, महागडी उपकरणं तासावर वापरता येतात, पेटंटचा सल्ला मिळतो. साहित्यविज्ञान आणि जैवतंत्रवाल्यांना याचं मोल विचारा. २००९ मध्ये सरकारी वैज्ञानिकांना नोकरीत राहून कंपनीत भागीदारी घ्यायची परवानगीही मिळाली. स्वरदाताई म्हणतात ते "जवळचं कुणीतरी" आहे, पण एवढ्या मोठ्या शहराला मोजून दोन-चार.

आणि पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या बघा. आनंद देशपांडे इंडियाना विद्यापीठातून पीएचडी करून परत आले आणि १९९० मध्ये पर्सिस्टंट काढली. केपीआयटी त्याच वर्षाची, काढणारे सीए. क्विक हील तर कैलास काटकरांच्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून निघाली. धाकट्या भावाने, संजयने, पुण्यातच कॉम्प्युटर सायन्स शिकून अँटिव्हायरस लिहिला. म्हणजे इथे विद्यापीठातून कंपनी निघत नाही, विद्यार्थ्यांतून निघते.

पालो_आल्टोचा_बंड्या

स्टॅनफर्डची आठवण झाली. फ्रेडरिक टर्मन यांनी विद्यार्थ्यांना "गावातच कंपनी काढा" म्हणून मागे लागून ह्यूलेट-पॅकार्ड सुरू करवली, १९३९. मग १९५१ मध्ये विद्यापीठाने स्वतःच्या जमिनीवर औद्योगिक पार्क काढला. ट्रिनिटीच्या वीस वर्षं आधी. पण तिथे मागे अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशाचा धबधबा होता. सेमीकंडक्टरची सुरुवातीची गिऱ्हाइकं क्षेपणास्त्रवाले आणि नासा. केंब्रिजला तसं पहिलं मोठं गिऱ्हाईक कोण?

फेनवाला

बंड्या, नेमका प्रश्न. एकॉर्नपुरतं उत्तर: बीबीसी आणि शाळा. सरकारने शाळांना कॉम्प्युटर घ्यायला निम्मे पैसे दिले होते. "खासगी हुशारीचा चमत्कार" म्हणून जी गोष्ट सांगतात तिच्या पायात सार्वजनिक टीव्ही आणि सरकारी शाळा आहेत, हे इथल्या भाषणांत हळूच गाळतात.

एलीकर_ताई

सगळे पुरुष सिंहासारखे चिपवर बोलताय, आता भाड्यावर बोलूया. मी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि ट्रेनने एली या जवळच्या गावाहून ये-जा करते, कारण केंब्रिजात घर परवडत नाही. सेंटर फॉर सिटीज या अभ्यासगटाच्या अहवालात हे गाव ब्रिटनमधलं सगळ्यात विषम शहर ठरलं होतं, एकदा नव्हे. पार्कातल्या पोराचा पगार आणि त्याच्या कॅंटीनमधल्या बाईचा पगार यांच्यामध्ये नदी वाहते. बस आहे, पण रात्रपाळी संपते त्या वेळी नाही.

आणि पाणी! इंग्लंडात पाऊस म्हणजे रोजचाच, असं सगळ्यांना वाटतं. पण हा देशातला कोरडा भाग आहे. पाणी खडूच्या खडकातून उपसतात, ओढे आटतात. पर्यावरण खात्याने पाणी नाही म्हणून मोठ्या गृहप्रकल्पांवर आक्षेप घेतले आहेत. कंपन्यांना बोलवायचं, पण माणसांनी राहायचं कुठे आणि प्यायचं काय?

फेनवाला

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त एक टोमणा आहे. १९५० च्या आराखड्यातल्या लोकांना आपण मूर्ख म्हणतो. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. कारखान्यांना नाही म्हणताना त्यांनी घरांनाही नाही म्हटलं, आणि नंतर कारखान्यांपुरतंच हो झालं. गावाभोवतीचा हरितपट्टा तसाच ठेवला म्हणून माणसं त्याच्या पलीकडे, कँबोर्न, हेव्हरिल, एली अशी फेकली गेली.

सांगलीचा_नवउद्योजक

धागा वाचून काढला. मी सांगलीत मेकॅट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करतोय, शेती-यंत्रांसाठी सेन्सर बनवायचा आहे. ट्रिनिटी नाही, बुलक नाही, पँटन आर्म्स नाही (एमआयडीसीच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे). मग यातलं इथे काय चालेल?

फेनवाला

भाऊ, आधी सल्लागारी. सेन्सर बनवून गिऱ्हाईक शोधू नकोस. कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा जवळच्या साखर कारखान्यात जा, त्यांचं काय मोडतंय ते विचार, पैसे घेऊन दुरुस्त कर. तीच अडचण तिसऱ्याने सांगितली की ती तुझी वस्तू. डॉमिनो, सीएसआर या साधारण याच रस्त्याने आल्या. कर्जही लागत नाही.

औंधकर

इथे मी अडवतो. हाच रस्ता आपण तीस वर्षं चाललोय, त्याला आयटी सर्व्हिसेस म्हणतात! गिऱ्हाइकाची अडचण सोडवायची, तासाचे पैसे घ्यायचे. वस्तू किती निघाल्या?

फेनवाला

फरक आहे. तिथे गिऱ्हाईक आराखडा देतो आणि आपण माणसं पुरवतो. केंब्रिज कन्सल्टंट्सकडे गिऱ्हाईक फक्त अडचण आणतो, उत्तर काय असावं ते त्यालाही ठाऊक नसतं. शिवाय काही कामं ते स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी करत. एका चिपवरचा रेडिओ असाच त्यांच्याकडे राहिला आणि तो करणारे नऊ जण सीएसआर काढायला बाहेर पडले.

औंधकर

म्हणजे सांगलीकराला खरा सल्ला असा, की दर कामाच्या करारात एक ओळ घाल: या कामासाठी आधीपासून जे माझं आहे आणि वाटेत जे सगळ्यांना उपयोगी असं तयार होईल ते माझं, तुमच्या यंत्रापुरतं वापरायला तुम्हाला मोकळीक. साखर कारखान्याचा वकील पहिल्या वेळी ती ओळ खोडेल. तेव्हा दर वाढवून सांग. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, माझ्याकडे मराठीत लिहिलेला मसुदा आहे, पाठवतो.

सांगलीचा_नवउद्योजक

केला व्यनि. आणि कुपवाडचा एक ओळखीचा फाउंड्रीवाला आहे, त्याच्या भट्टीचं तापमान मोजायचा घोळ आहे म्हणे. सोमवारी जातो.